कर्ज फिटेपर्यंत मन असंच अस्वस्थ राहणार का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार ठिकाणची देणी आहेत: पाच वर्षांचं, १८ टक्के दराचं पर्सनल लोन, त्यातली अडीच वर्षं झाली, एका क्रेडिट कार्डाची बाकी, एका वस्तूसाठी घेतलेलं छोटं कर्ज, आणि मित्राकडून घेतलेले हातउसने पैसे. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. तरीही रात्री तीनला जाग येते, फोन वाजला की छातीत धस्स होतं, स्वतःसाठी काही घेतलं की दिवसभर अपराधी वाटतं, आणि घरात पैशांचा विषय निघाला की तो भांडणावरच संपतो. कामावरून काही रक्कम एकदम मिळणार आहे, ती सगळी कर्जात घालावी का हेही विचारलं आहे. आणि मुख्य म्हणजे, कर्ज फिटेपर्यंत असंच राहायचं का?

थेट उत्तर आधी देते: नाही, तशी गरज नाही. कर्जात अडकलेल्या माणसांशी बोलण्याचं, त्यांचे कागद घेऊन त्यांच्यासोबत बसण्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे. डोक्यावर मोठी रक्कम असूनही रात्री नीट झोपणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तीन-चार हप्ते उरलेले असताना आतून पोखरली जाणारीही. मनाची अवस्था बाकीच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरते असं माझं मत झालं आहे. एकूण किती देणं आहे हे नेमकं माहीत आहे का? दर महिन्याला काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे का? आणि हे सगळं आपल्याखेरीज आणखी एका माणसाला ठाऊक आहे का? या तिन्ही गोष्टी कर्ज शिल्लक असतानाच करता येतात.

मात्र मनाकडे वळण्याआधी एक तपासणी करावी लागते. सगळे हप्ते भरल्यावर उरलेल्या पैशांत महिना निघतो का? राहण्याचा खर्च, किराणा, औषधं, फी, प्रवास, सगळं धरून? की महिनाअखेर कार्ड पुढे करावं लागतं, एखाद्या ॲपवरून छोटं कर्ज घ्यावं लागतं, एकाचं भागवायला दुसऱ्याकडून घ्यावं लागतं? तसं असेल तर मनात वाजणारा गजर खरा आहे आणि तो बंद करण्याच्या मागे लागू नये. तिथे श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत. कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवून मुदत वाढवून मागणं, हप्ता कमी करून घेणं, दराबद्दल बोलणं, हेच तिथे करायचं असतं. हे बोलणं हप्ता चुकण्याच्या आधी केलं तर मार्ग जास्त मोकळे असतात. लाजेपोटी माणसं नेमकं तेच टाळतात आणि दोन-तीन हप्ते थकल्यावर, दंडाची रक्कम वाढल्यावर बोलायला जातात. तुमचा हप्ता चुकलेला नाही आणि नवं कर्ज घेतल्याचंही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तुमचं गणित ओढाताणीने का होईना बसतंय, असं धरून पुढे लिहिते.

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जाणवली ती एक गोष्ट: चार कर्जं सांगितलीत, पण एकूण आकडा कुठेही नाही. बहुतेक लोक तो सांगत नाहीत, कारण तो त्यांना माहीत नसतो. साधारण माहीत असतो. हे साधारणपणच रात्री तीनला उठवतं, कारण अंधारात अंदाजाला मर्यादा नसते. वाईट बातमीची शंका आली की माणूस आकडे बघायचं टाळतो, हे अभ्यासातही दिसलेलं आहे. निकलस कार्लसन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि ड्युएन सेपी यांनी २००९ साली दाखवलं की बाजार खाली असताना गुंतवणूकदार आपली खाती कमी वेळा उघडून बघतात. कर्जदाराचं तसंच होतं. स्टेटमेंटचा मेल न उघडता तसाच ठेवला जातो, आणि न उघडलेला प्रत्येक मेल मनात आपली जागा अडवून बसतो.

म्हणून पहिलं काम एका कागदाचं. वहीचं एक पान घ्या, चार ओळी आखा. कुणाचं, आज शिल्लक मुद्दल किती, दर किती, महिन्याचा हप्ता किती, शेवटचा हप्ता कधी. बस. ‘हे का घेतलं’ असा रकाना करू नका. त्याची जागा वेगळी आहे, पुढे येईल. हे सकाळी करा, झोप झालेली असताना, आणि शक्य असेल तर कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. हात थंड पडतील, पोटात खड्डा पडेल, मध्येच उठून दुसरं काही काम काढावंसं वाटेल. तरी चौथी ओळ पूर्ण करूनच उठा. बेरजेचा आकडा भीतीपेक्षा लहान निघो की मोठा, त्यानंतरच्या काही दिवसांत माणूस निवळतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. आकडा मोठा निघाला तरी त्याला निदान एक कड असते.

इथे एक चूक फार लोक करतात आणि विनाकारण घाबरतात. उरलेले हप्ते गुणिले हप्त्याची रक्कम, असा हिशोब करून ते ‘एवढं देणं आहे’ म्हणतात. पण त्यात अजून लागलेलंच नाही असं पुढचं व्याज धरलेलं असतं. तुमच्या पर्सनल लोनचं उदाहरण घेऊ. १८ टक्के दर, ६० महिने, तर दर लाखामागे हप्ता सुमारे २,५३९ येतो. ३० हप्ते झाल्यावर उरलेल्या ३० हप्त्यांची बेरीज जवळजवळ ७६,२०० होते. पण आज शिल्लक असलेलं मुद्दल सुमारे ६१,००० आहे. मधला १५,००० हून थोडा जास्त फरक म्हणजे भविष्यातलं व्याज. तुमचं आजचं देणं ६१,००० आहे. कागदावर तेच लिहा.

हाच आकडा पाहून काही जणांना दुसरा धक्का बसतो: निम्मी मुदत संपली, आणि लाखातले ६१,००० अजून बाकी? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी खूप जण बरोबर याच टप्प्यावर येतात. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो, शेवट दिसत नसतो, आणि स्टेटमेंट सांगतं की इतकं भरूनही निम्मंसुद्धा झालं नाही. आपण फसलो, आपल्याच्याने हे होणार नाही, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात हे हप्त्याच्या रचनेमुळे होतं. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, त्यामुळे सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा वाटा व्याजातच जातो. वरच्या उदाहरणात पहिल्या हप्त्यातले १,५०० व्याजाचे आणि फक्त १,०३९ मुद्दलाचे. एकतिसाव्या हप्त्यात मुद्दलात सुमारे १,६२५ जातात. शेवटच्या हप्त्यात जवळजवळ २,५००. निम्मं मुद्दल फिटतं ते साधारण सदतिसाव्या हप्त्याला. म्हणजे तुम्ही आज ज्या जागी उभे आहात, तिथून पुढचा प्रत्येक हप्ता मागच्यापेक्षा जास्त काम करणार आहे. संस्थेकडून हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्या, मुद्दल-व्याजाच्या फोडीसह. ते कर्जाच्या पानाला जोडा. मन खचलं की धीराच्या वाक्यांपेक्षा तो तक्ता जास्त उपयोगी पडतो.

आता चार देण्यांपैकी आधी कोणतं. यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, ज्याचा दर जास्त ते आधी फेडा, कारण व्याज कमी जातं. दुसरं म्हणतं, जे सर्वांत छोटं ते आधी संपवा, कारण एक खातं बंद झालं की उमेद येते. गणिताने पहिलं बरोबर आहे. मनाच्या बाजूने दुसऱ्याला बऱ्यापैकी आधार आहे. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ साली कर्जफेडीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खाती बंद होत गेली की माणूस शेवटपर्यंत फेड पूर्ण करण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. सिंगापूरमध्ये दीर्घकाळ कर्जात असलेल्या, कमी उत्पन्नाच्या १९६ जणांवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका धर्मादाय संस्थेने त्यांची काही देणी भागवली होती. ज्यांची जास्त खाती बंद झाली त्यांची चिंता जास्त कमी झाली आणि विचार करण्याची क्षमताही जास्त सुधारली. रक्कम तेवढीच भागलेली असली, तरी किती खाती बंद झाली यावर फरक पडत होता. मला हे मनोमन पटतं. प्रत्येक देणं म्हणजे वेगळी तारीख, वेगळा पासवर्ड, वेगळा मेसेज. मन ही सगळी वेगवेगळी वाहत असतं.

माझा स्वतःचा नियम असा: दर एकमेकांच्या जवळपास असतील तर बिनधास्त छोटं कर्ज आधी संपवा. पण क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ओढली जात असेल तर तिला पहिला नंबर. कारण समजून घ्या. समजा कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज लागतं आणि तुम्ही दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ‘किमान रक्कम’ भरता, नवी खरेदी अजिबात करत नाही. तरी एक लाखाचे पन्नास हजार व्हायला सुमारे ३२ महिने लागतात, आणि तेवढ्या काळात तुम्ही जवळजवळ १,२०,००० भरलेले असता. त्यातले सुमारे ७०,००० निव्वळ व्याज. प्रामाणिकपणे, न चुकता भरणाऱ्या माणसाला ‘मी भरतोय तरी हे हलत का नाही’ हा प्रश्न जितका पोखरतो तितकं क्वचितच दुसरं काही पोखरतं. किमान रक्कम भरून मनाला शांतता मिळणं अवघड आहे. कार्डाची बाकी ठरावीक, मोठ्या रकमेने खाली आणा, किंवा ती कमी दराच्या हप्त्यांत बदलून मिळते का विचारा, आणि तोवर ते कार्ड पाकिटातून आणि फोनमधल्या ॲप्समधूनही काढून टाका.

रात्रीच्या जागेबद्दल. रात्री तीनला आलेल्या विचाराचं काहीच करता येत नाही. ऑफिस बंद, माणसं झोपलेली, आपलं डोकं थकलेलं. ‘विचार करू नकोस’ म्हणून तो थांबतही नाही. जे उपयोगी पडतं ते म्हणजे त्या विचाराला दिवसातली एक पक्की वेळ देणं. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हा उपाय मांडला: काळजीसाठी रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास ठेवायचा, आणि एरवी काळजी आली की तिला त्या वेळेवर ढकलायचं. कर्जाच्या बाबतीत मी याचं रूप थोडं बदलते. आठवड्यातून एक वेळ, चाळीस-पन्नास मिनिटं, तोच वार, तीच खुर्ची. बँकेचं ॲप तेव्हाच उघडायचं. मेल तेव्हाच वाचायचे. पुढच्या आठवड्यात कोणता हप्ता जाणार, खात्यात तेवढे आहेत का, कुणाला फोन करायचा, ते तेव्हाच ठरवायचं आणि लिहायचं. लिहिण्यावर माझा जोर आहे. मासिकॅम्पो आणि बाऊमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं की अपुरं राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं याची ठोस योजना केली की घोळणं थांबतं. काम पूर्ण झालेलं नसलं तरीही. तुमच्यासाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे, कारण कर्ज आज पूर्ण होणार नाही, योजना मात्र आज पूर्ण होऊ शकते.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर उतरवा. २०१८ साली मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपी गेले. नऊ मिनिटं फार नाहीत, पण ज्याला अंथरुणावर तासभर तळमळायची सवय झाली आहे त्याला त्यांची किंमत कळेल. आणि तीनला जाग आलीच तर फोन हातात घेऊ नका. ‘याची वेळ शनिवारी अकराला आहे’ एवढंच स्वतःला सांगा. पहिले दोन-तीन आठवडे मन ते मानणार नाही. सलग काही शनिवार खरोखर बसलात की मानायला लागतं, कारण आता त्याला पुरावा मिळालेला असतो. म्हणून ती बैठक चुकवू नका. झोपेचा सगळा भार तिच्यावर आहे.

फोनची धास्ती कमी करायला दोन छोट्या व्यवस्था. सगळ्या हप्त्यांच्या तारखा पगार जमा झाल्यानंतरच्या चार-पाच दिवसांत आणता येतात का ते विचारा, आणि ऑटो-डेबिट लावा. शक्य असल्यास हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळं जाऊन उरलेलं आपलं, हे कळलं की उरलेले तीन आठवडे मोकळे होतात. दुसरं, कर्जाची जाहिरात करणारे मेसेज आणि कॉल बंद करा. ‘तुमच्यासाठी मंजूर’ अशा मेसेजने दचकणारे लोक मी पाहिले आहेत, कारण सुरुवातीला वसुलीचा आणि विक्रीचा मेसेज सारखाच दिसतो.

अपराधीपणावर मला थोडं थांबायचं आहे. ‘ऋण काढून सण’ हे लोक सहज म्हणून जातात, आणि ऐकणारा ते वर्षानुवर्षं उराशी बाळगतो. कर्जं किती वेगवेगळ्या कारणांनी होतात ते माझ्यासमोर रोज असतं. कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या घरी आजारपण, कुणी भावासाठी जामीन राहिलेलं, कुणाचा धंदा बसलेला, आणि हो, कुणी ऐपतीबाहेर खर्चही केलेला. कारण कोणतंही असो, ते एकदा स्वतःपाशी स्वच्छ मांडावं लागतं. मगाशी ज्या रकान्याला कागदावर जागा दिली नाही, त्याची जागा इथे आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध प्रयोगात लोकांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही. लिहून झाल्या-झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तसंच तुम्ही करा. कर्ज घेताना तुमची परिस्थिती काय होती, काय ठाऊक होतं, कशाची भीती होती, ते लिहा. त्या दिवशी मन जड होईल हे गृहीत धरा. पान कुणाला दाखवायची गरज नाही. पुष्कळदा माणसाला लिहिता-लिहिता उमगतं की त्या वेळी समोर असलेल्या वाटांपैकी कोणतीच चांगली नव्हती. आणि चूकच झाली होती असं दिसलं, तर तीही नेमकी कोणती ते कळतं; मग अख्ख्या आयुष्यावर शिक्का मारायची गरज उरत नाही.

स्वतःवर खर्च करताना होणारा त्रास मात्र लिहून जात नाही, त्याला हिशोबात जागा द्यावी लागते. महिन्याची एक छोटी रक्कम अशी ठेवा जिचा जाब कुणी विचारणार नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही. जोडीदारालाही तेवढीच. ‘सगळं कर्जात, स्वतःला शून्य’ असा निश्चय करणारे लोक मी खूप पाहिले. काही महिने तो टिकतो आणि मग एका संध्याकाळी एवढा खर्च होतो की चार महिन्यांची बचत जाते, वर पश्चात्ताप. ठरवून केलेला खर्च अपराध होत नाही, कारण तो योजनेचाच भाग असतो.

त्याच कारणाने, कर्ज चालू असतानाही थोडी शिल्लक बाजूला ठेवावी असं मी ठामपणे सांगते. निव्वळ गणित म्हणेल की १८ टक्के व्याज भरत असताना कमी व्याजाच्या बचत खात्यात पैसे ठेवणं तोट्याचं आहे. खरं आहे. पण शिल्लक शून्य असेल तर एक दुखणं, एक बिघडलेलं वाहन तुम्हाला परत कार्डाकडे नेतं, आणि आपण पुन्हा तिथेच आलो ही भावना व्याजापेक्षा महाग पडते. निदान एका महिन्याचा अत्यावश्यक खर्च हाताशी असू द्या.

घरातल्या भांडणांविषयी. दोन माणसांची भीती एकाच पद्धतीची नसते. एकाला रोज आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही, दुसऱ्याला विषय काढला तरी गुदमरतं. पहिला दुसऱ्याला बेफिकीर समजतो, दुसरा पहिल्याला छळवादी. दोघंही घाबरलेले असतात. म्हणून पैशांचं बोलणं शनिवारच्या बैठकीपुरतंच ठेवा, आणि तिथे कागद दोघांच्या मध्ये असू द्या. बोट कागदावर ठेवायचं, समोरच्यावर नाही. कामंही वाटून घ्या: एकाने हप्त्यांकडे बघायचं, दुसऱ्याने घरखर्चाकडे. जोडीदाराला चारपैकी एखादं देणं अजून माहीत नसेल, असं गुप्त देणं असण्याचं प्रमाण बाहेरून वाटतं त्याहून बरंच जास्त आहे, तर ते याच आठवड्यात सांगा. भांडणाच्या भरात नाही, रात्री उशिरा नाही. आधी आकडा सांगा, मग तुम्ही आखलेली योजना, आणि मग समोरच्याला रागवायला वेळ द्या. राग येईलच. पण लपवलेल्या कर्जाने जी अस्वस्थता येते ती एकट्याने कितीही योजना आखली तरी जात नाही.

मुलांना एवढंच सांगावं की सध्या खर्च जपून करायचा आहे, हे मोठ्यांनी ठरवलेलं आहे आणि मोठे ते सांभाळताहेत. रक्कम सांगायची गरज नाही.

मित्राचे पैसे. त्यावर व्याज नाही, तारीख नाही, म्हणून ते यादीत शेवटी जातात आणि मनात पहिले असतात. भेट टाळली जाते, फोन उचलला जात नाही, आणि पैशांपेक्षा मैत्री आधी जाते. त्यांना आजच कळवा की विसरलेलो नाही, आणि दर महिन्याला झेपेल तेवढी ठरावीक रक्कम, अगदी छोटी का असेना, पाठवायला लागा. रक्कम वाढवायची ती कार्ड संपल्यावर वाढवा, आणि हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

एक गंभीर गोष्ट. झोप आठवड्यांमागून आठवडे लागत नसेल, कामावर लक्ष राहत नसेल, पिणं वाढलं असेल, किंवा सगळं एकदम फेडून टाकण्यासाठी जुगार, सट्टा, मोठ्या जोखमीची ट्रेडिंग सुरू झाली असेल, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि ‘मी नसलो तर हे संपेल’ असा विचार एकदा जरी डोकावला, तर त्याच दिवशी एखाद्या माणसाला मोठ्याने सांगा, हेल्पलाइनला फोन करा, एकटे राहू नका. कर्जाची मुदत वाढवता येते, तडजोड होते, अनेक देशांत कायद्याने दिवाळखोरीचा मार्गही आहे. ज्यावर जीव देणं हा उपाय आहे असं एकही कर्ज माझ्या पाहण्यात नाही.

शेवटी एकरकमी पैशांचं. सगळे एकाच ठिकाणी घालू नका. आधी एका महिन्याच्या खर्चाची शिल्लक बाजूला. मग कार्ड पूर्ण शून्यावर. मग वस्तूचं छोटं कर्ज बंद होत असेल तर ते. एवढ्याने चार देण्यांची दोन होतील. त्यातून उरले तर पर्सनल लोनमध्ये, पण भरण्याआधी मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क किती ते लेखी विचारा, आणि अर्जात हप्ता कमी करायचा की मुदत, हे स्पष्ट लिहा. वरच्याच उदाहरणात ६१,००० पैकी २०,००० भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर ३० महिन्यांचं काम १९ महिन्यांत संपतं. मुदत तीच ठेवली तर हप्ता २,५३९ वरून सुमारे १,७०७ वर येतो, पण व्याज जवळजवळ ३,९०० जास्त जातं. सर्वसाधारणपणे मी मुदत कमी करायला सांगते. पण महिन्याची ओढाताण हेच घरातल्या भांडणाचं कारण असेल, तर हप्ता कमी करून घ्या आणि ज्या महिन्यात जमेल त्यात जास्तीचे भरा. त्या फरकाच्या व्याजात घरातला ताण हलका होत असेल तर तो खर्च मी योग्य मानते. कार्ड आणि छोटं कर्ज मिटलं की दोन्हीकडून बाकी नसल्याचा लेखी दाखला घ्या, आणि एक-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्जाचं खातं बंद आणि कार्डाची बाकी शून्य दिसते आहे ना, ते एका शनिवारी तपासा.